वाईट बातमी वेळेत कळावी म्हणून

31 ऑगस्ट 2019, शनिवार. त्या दिवशी सकाळी शिरपूर तालुक्यातल्या वाघाडीजवळ एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. कामगार कामावर होते. किमान 13 जणांचा जीव गेला आणि कितीतरी जण भाजले. त्याच दिवशी धुळ्याच्या विशेष न्यायालयानं जळगावच्या घरकुल घोटाळ्याचा निकाल दिला. त्यात 48 जण दोषी ठरले. माजी मंत्री, नगरसेवक आणि बांधकाम व्यावसायिक त्यांत होते. 2006 साली तेव्हाचे महापालिका आयुक्त डॉ. प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली होती, आणि तिचा निकाल लागायला तेरा वर्षं गेली. शिक्षेविरुद्धची अपिलं पुढे उच्च न्यायालयात गेली.

या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. एक खासगी कारखान्यातली, दुसरी नगरपालिकेच्या पैशाची. तरी त्या संध्याकाळी धुळ्यात आणि जळगावात लोक जे बोलत होते, त्याचा रोख एकच होता. हे आधी कोणाला माहीत होतं? ज्याला माहीत होतं त्यानं ते कोणाला सांगितलं? आणि ज्याला सांगितलं त्यानं काय केलं?

कंप्लायन्स, सचोटी आणि नेतृत्व या तीन गोष्टींवर मी हे पुस्तक लिहायला घेतलं, ते या तीन प्रश्नांसाठी. आपल्याकडे कंप्लायन्स म्हटलं की तारखा आठवतात. सात तारखेला टीडीएस, अकराला जीएसटीचं पहिलं विवरण, पंधराला पीएफ, वीसला जीएसटीचंच थ्री-बी विवरण. महिना असाच संपतो. मालक विचारतो, "सगळं भरलं का?" टॅक्सवाला सांगतो, "हो, भरलं." विषय तिथंच मिटतो. हे सगळं वेळच्या वेळी भरलंच पाहिजे आणि त्याची माहिती पुढच्या प्रकरणांत आहे. पण अशी सगळी चलनं वेळेवर भरलेली संस्थाही एका सकाळी बुडू शकते. खानदेशानं ते पाहिलं आहे, आणि एकदाच पाहिलं आहे असंही नाही. माझं म्हणणं साधं आहे: ज्या संस्थेत वाईट बातमी वेळेत वरपर्यंत पोहोचते आणि वर बसलेला माणूस ती संबंधितांपुढे मांडतो, तिथं कायद्याला काही अर्थ उरतो. जिथं ती वाटेत अडते, तिथं कितीही फायली लावल्या तरी उपयोग नाही.

आपला व्यापार ओळखीवर उभा राहिला, हे आधी मान्य करायला हवं. रावेर-यावलच्या केळीचा सौदा आजही बहुतेक वेळा बोलण्यावर होतो. बोर्ड भाव ऐकायचा, बागेत येऊन घड पाहायचे, गाडी भरायची, पैसे नंतर. जळगावच्या सराफ बाजारात बाहेरच्या जिल्ह्यांतून माणसं सोनं घ्यायला येतात, ती पेढीच्या नावावर. धुळ्याच्या आडतीवर शेतकरी माल टाकून हिशेबाची चिठ्ठी खिशात घालून गावी जातो. याला मागासलेपणा म्हणणारी माणसं मला भेटतात, विशेषतः व्यवस्थापनाचं शिक्षण घेऊन आलेल्या तरुणांत. मला तसं वाटत नाही. शब्द मोडणाऱ्याला बाजारात बसता येत नव्हतं, त्याच्या मुलांच्या सोयरिकी अडत होत्या. ती शिक्षा कुठल्याही कलमापेक्षा कडक होती आणि तिला तारीख पडत नव्हती.

पण तिची एक मर्यादा होती. देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत असतील, तोवरच ती चालायची. वर्तुळ मोठं झालं, पैसा जिल्ह्याबाहेर आणि राज्याबाहेर गेला, तेव्हा नाव तेवढं पुढे गेलं आणि पाहणारे डोळे मागे राहिले.

भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्था हे त्याचं आपल्या घरचं उदाहरण. लोक तिला नुसतं 'बीएचआर' म्हणतात. मुख्यालय जळगावात, शाखा अनेक राज्यांत. ठेवीदारांत निवृत्त शिक्षक होते, एसटीतून निवृत्त झालेले होते, मुलीच्या लग्नासाठी पैसे बाजूला टाकणारे शेतकरी होते. बँकेपेक्षा जास्त व्याज मिळत होतं, आणि मुख्य म्हणजे माणसं ओळखीची होती. ठेवी परत मिळेनात तेव्हा तक्रारी झाल्या. 2015 मध्ये संस्थापकांसह संचालकांना अटक झाली आणि संस्थेवर अवसायक नेमला गेला. गोष्ट इथं थांबली असती तरी ती पुरेशी वाईट होती. नोव्हेंबर 2020 मध्ये पुण्याच्या आर्थिक गुन्हे शाखेनं जळगावात छापे घातले, ते अवसायनाच्या काळातल्या व्यवहारांसाठी. आरोप असा की गरजू ठेवीदारांच्या पावत्या कमी रकमेत घेतल्या गेल्या आणि त्याच पावत्या पूर्ण किमतीला धरून मोठ्या कर्जदारांची कर्जं वळती केली गेली. पुढच्या वर्षी खुद्द अवसायकाला इंदूरमध्ये अटक झाली. बुडालेल्या संस्थेतून ठेवीदारांना वाचवायला नेमलेल्या माणसावर असा आरोप यावा, याहून मोठी नामुष्की कुठली?

हे प्रकरण मी पुस्तकात सविस्तर घेतलं आहे, कारण त्यातून कायद्याची रचना समजते. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. मल्टिस्टेट संस्था राज्याच्या सहकार आयुक्तांच्या हाताखाली येत नाही. 2002 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे तिचा निबंधक दिल्लीत. म्हणजे जळगावच्या ठेवीदाराला ज्या कार्यालयात जाऊन बसता आलं असतं, त्या कार्यालयाच्या हाती फारसं काही नव्हतं. 2023 मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली. सहकारी लोकपालाची आणि निवडणूक प्राधिकरणाची तरतूद आली. चांगलं झालं, पण उशिरा. मला अजून एक गोष्ट खटकते, आणि ती कायद्यातली नाही. एवढ्या शाखांमध्ये शेकडो कर्मचारी होते. रोजचा गल्ला त्यांच्या हातून जात होता. पैसे कमी पडू लागल्याचं पहिल्यांदा काउंटरवर बसलेल्या कुणाच्या तरी लक्षात आलंच असणार. त्या माणसाला ते सांगायला जागा नव्हती. वर सांगावं तर नोकरी जाईल, बाहेर सांगावं तर ठेवीदारांची झुंबड उडेल आणि खापर त्याच्याच डोक्यावर फुटेल.

कंपनी कायदा 2013 मधल्या कलम 177 मध्ये यावर एक उत्तर आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना, लोकांच्या ठेवी घेणाऱ्यांना आणि बँकांकडून 50 कोटींपेक्षा जास्त कर्ज घेणाऱ्यांना कर्मचाऱ्यांच्या तक्रारीसाठी वेगळी यंत्रणा ठेवावी लागते, आणि अपवादात्मक प्रसंगी तक्रारदाराला थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षापर्यंत जाता आलं पाहिजे. लहान संस्थांना हे बंधन नाही. पण बंधन नाही म्हणून गरज नाही, असं कुणी म्हणू नये.

आता अमळनेरकडे वळतो, कारण खानदेशात या विषयावर बोलायचं आणि अमळनेर टाळायचं हे शक्य नाही. हे गाव गिरणीचं आणि तत्त्वज्ञानाचं. प्रताप शेठजींनी इथं कापडगिरणी चालवली आणि 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिरही उभं केलं. याच गावात 29 डिसेंबर 1945 रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी सुरू झाली. महंमद हाशम प्रेमजी तिचे संस्थापक. माल म्हणजे वनस्पती तूप आणि पुढे धुण्याचा साबण. 1966 मध्ये ते अचानक गेले. मुलगा अझीम अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत होता, वय 21. शिक्षण अर्धं टाकून तो परतला. पहिल्याच वार्षिक सभेत एका भागधारकानं त्याला तोंडावर सुनावलं की ही कंपनी तुला चालवता येणार नाही, विकून टाक. हा किस्सा प्रेमजींनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. आज त्या कंपनीला जग विप्रो म्हणतं. अमळनेरमधल्या कितीतरी घरांनी तिचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आणि ती घरं श्रीमंत झाली, हे जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या श्रीमंतीच्या गोष्टी खूप सांगून झाल्या. मला त्या सभेतला भागधारक महत्त्वाचा वाटतो. मालकाच्या तोंडावर वाईट बोलण्याची त्याला मुभा होती, आणि मालकानं ते ऐकून घेतलं. सार्वजनिक कंपनी म्हणजे नेमकं हेच. खासगी पेढीत असा माणूस दुसऱ्या दिवशी दारात उभा राहू शकत नाही. सचोटीबाबत तडजोड नाही, हे विप्रोनं पुढे आपलं घोषित धोरण केलं आणि ते बऱ्याच अंशी पाळलं. मार्च 2019 मध्ये प्रेमजींनी कंपनीतल्या आपल्या मालकीचा मोठा आर्थिक हिस्सा शिक्षणाचं काम करणाऱ्या आपल्या प्रतिष्ठानाला दिला. आधीचं धरून तो एकूण 67 टक्क्यांपर्यंत गेला.

आणि तरीही विप्रो चुकली. हा भाग अमळनेरच्या कौतुकात गाळला जातो, म्हणून इथं लिहितो. 2000 साली अमेरिकेच्या शेअर बाजारात उतरताना कंपनीनं काही निवडक लोकांना शेअर घेण्याची संधी दिली. त्यांत जागतिक बँकेची माणसं होती, आणि जागतिक बँक ही विप्रोची ग्राहक होती. रक्कम सुमारे 72 हजार डॉलर, म्हणजे विप्रोच्या हिशेबात किरकोळ. जागतिक बँकेनं मात्र हा आपल्या कर्मचाऱ्यांना दिलेला अनुचित लाभ मानला आणि 2007 पासून चार वर्षं विप्रोला कंत्राटं देणं बंद केलं. जगाला हे कळलं जानेवारी 2009 मध्ये, आणि तेही बँकेनं जाहीर केलं म्हणून. त्याच महिन्यात, 7 जानेवारीला, सत्यम या कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेबातली हजारो कोटींची लबाडी कबूल केली होती. विप्रोचं म्हणणं असं की ही योजना अमेरिकेच्या नियमांत बसणारी होती, ती उघड होती आणि शेअर इतरांना मिळाले त्याच भावात दिले होते. ते खरं असेलही. पण ग्राहकाच्या माणसाला असा लाभ द्यावा का, हा प्रश्न नियमाच्या पलीकडचा होता. आणि बंदी आल्यावर ती स्वतःहून सांगितली असती तर सत्यमच्या धुरळ्यात विप्रोचं नाव आलं नसतं.

पुढच्याच वर्षी दुसरी गोष्ट बाहेर आली. वित्त विभागातल्या एका कर्मचाऱ्यानं सुमारे 40 लाख डॉलर हळूहळू काढून घेतले होते. या वेळी कंपनीनं ते मान्य केलं, चौकशी केली आणि अमेरिकेच्या नियामकाकडे दिलेल्या अहवालात आपल्या अंतर्गत नियंत्रणांबद्दल लिहिलं. दोन प्रसंगांतला हा फरक मला फार मोलाचा वाटतो. चूक दोन्ही वेळा झाली. दुसऱ्या वेळी मात्र ती कंपनीनं आपल्या तोंडानं मान्य केली.

जळगावच्या जैन इरिगेशनची गोष्ट वेगळ्या वाटेनं याच ठिकाणी येते. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन यांनी 1963 मध्ये घरातली 7 हजार रुपयांची पुंजी लावून रॉकेलच्या व्यापारापासून सुरुवात केली. मग पपेन, मग पीव्हीसी पाइप, मग ठिबक. टिशू कल्चरच्या रोपांनी खानदेशातल्या केळीचं चित्र बदललं, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. नव्वदच्या दशकात कंपनी शेतीच्या बाहेरच्या धंद्यांत शिरली आणि अडचणीत आली. भवरलालजींनी ती आपली चूक असल्याचं उघडपणे मान्य केलं, नको ते धंदे बंद केले, बाहेरच्या गुंतवणूकदाराला कंपनीत जागा दिली आणि शेतीकडे परत आले. कंपनी त्यातून उभी राहिली.

2016 मध्ये ते गेले. 2019 मध्ये कंपनी पुन्हा कर्जात अडकली आणि तिचं पतमानांकन 'डी'वर घसरलं. म्हणजे हप्ते थकले. त्यामागे बरंच काही होतं. सरकारी योजनांतल्या ठिबकचे पैसे वर्षानुवर्षं थकलेले, विस्तारासाठी घेतलेली कर्जं, परदेशी कंपन्यांचा भार. 2022 मध्ये बँकांशी कर्जाची फेरआखणी पूर्ण झाली आणि 2023 मध्ये परदेशातला सिंचनाचा धंदा रिव्युलिस कंपनीत विलीन करून त्या बाजूचं कर्ज उतरवण्यात आलं. त्या एकत्रित कंपनीत जैनांकडे 22 टक्के हिस्सा राहिला. स्वतःच्या हातानं उभारलेल्या धंद्यातला ताबा सोडणं कुठल्याही उद्योजक घराला सोपं नसतं. खानदेशातल्या कितीतरी गिरण्या आणि जिनिंग याच एका निर्णयाला उशीर झाल्यानं बंद पडल्या. मालकी सोडवेना, आणि मग सगळंच सुटलं. जैनांनी घेतलेला निर्णय मला म्हणूनच धाडसाचा वाटतो. त्याच वेळी हेही लिहायला हवं, की सरकारकडून येणं थकत चाललं आहे, ही वाईट बातमी अशा कंपनीच्या ताळेबंदात हप्ते थकण्याच्या किती तरी आधी दिसत असते. ताळेबंद वाचणारा संचालक मंडळात बसलेला असतो. त्यानं तेव्हा उठून प्रश्न विचारावा, यासाठीच कायद्यानं शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांत किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र ठेवायला लावले आहेत. स्वतंत्र संचालक म्हणून मालकाचा शाळासोबती नेमला तर कायदा पाळला जातो आणि त्याचा हेतू मरतो.

मोठ्या कंपन्यांचं एवढं पुरे. माझा खरा वाचक एमआयडीसीतला आहे. जळगावची दालमिल, चटईचा कारखाना, पाइपचं युनिट; धुळ्यात अवधान किंवा नरडाण्यातला पंचवीस-तीस कामगारांचा शेड. हिशेबाच्या आणि तपासणीच्या कामानं अशा ठिकाणी मी आयुष्य काढलं. तिथं पाहिलेल्या एका वहीबद्दल सांगतो. सुरक्षा समितीच्या बैठकींची वही होती. बारा महिन्यांच्या बारा बैठका, प्रत्येकीखाली सह्या. सगळ्या एकाच निळ्या पेनानं. बाराही ठिकाणी एका हमालाच्या सहीवरची रेघ शेवटाला तशीच खाली उतरलेली, म्हणजे एका बसणीत घेतलेल्या सह्या. विषयाच्या रकान्यात बाराही वेळा 'कोणतीही अडचण नाही'. शेडमध्ये गेलो तर यंत्राच्या पट्ट्यावरचं जाळीचं कव्हर काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं. कामगाराला विचारलं, तो म्हणाला, "कव्हर लावलं की माल अडकतो, साहेब. फोरमनला सांगितलं आहे." फोरमन म्हणाला, मालकाला सांगितलं नाही, ते चिडतात. मालक खरंच सज्जन माणूस होता, कामगारांच्या मुलांची फी भरणारा. कव्हर काढलेलं आहे हे त्याला माझ्याकडून कळलं.

हे काही वाईट माणसांचं उदाहरण नाही. म्हणूनच ते मला जास्त बोचतं. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापन दोघांची सुरक्षा समिती आली, आणि धोका आहे असं वाटलं तर तो कळवण्याचा हक्क कामगाराला मिळाला. हजारो माणसं मेल्यावर आलेली ती तरतूद आहे. त्या वहीत एका बसणीत सह्या घेणं म्हणजे तो हक्क कामगाराकडून परत काढून घेणं. वाघाडीच्या स्फोटानंतर, आणि एप्रिल 2023 मध्ये साक्री तालुक्यात मेणबत्तीच्या कारखान्यात चार महिला होरपळून मेल्यानंतर, धुळे जिल्ह्यात तरी ही वही कुणी कोरी किंवा खोटी ठेवू नये.

दुसरी गोष्ट टेबलाच्या खणातली. संचालकाची डिजिटल सही एका छोट्या टोकनमध्ये असते. बहुतेक लहान कंपन्यांत ते टोकन संचालकाकडे नसतं, सल्लागाराच्या ऑफिसात असतं. पंधरा-वीस टोकनं, प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी चिकटवलेली, चिठ्ठीवर कंपनीचं नाव आणि पासवर्ड. जीएसटीचा ओटीपी आला की मालक फोनवरून सांगून टाकतो. यामागे लबाडी नसते, सोय असते. पण त्या टोकननं झालेली सही कायद्यानं संचालकाचीच. विवरणात काय लिहून गेलं हे त्यानं वाचलेलं नसलं तरी नोटीस त्याच्या नावानं येते. आपल्या आजोबांनी कोऱ्या कागदावर अंगठा कधी दिला नसता, आणि दिलाच असता तर रात्री झोप लागली नसती.

तिसरी गोष्ट बायकांच्या तक्रारीची. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी 2013 च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष महिला हवी, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य हव्यात, एक सदस्य बाहेरची हवी. दहापेक्षा कमी माणसं असतील तिथल्या बाईनं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. दालमिलमध्ये निवडणीला, केळीच्या पॅकहाउसमध्ये, मसाल्याच्या युनिटमध्ये बायकाच बायका असतात. त्यांतल्या कितींना या समितीचं नाव माहीत आहे? मी विचारलं तिथं बहुतेकींना नव्हतं. मालकांना वाटतं, आपल्याकडे तसं काही नाही, कारण तक्रार आलेली नाही. तक्रार न येणं याचा अर्थ कधीकधी फक्त इतकाच असतो, की ती कुठं द्यायची हे कोणाला ठाऊक नाही.

बाहेरचं जग आता आपल्या दारात येऊन हेच विचारतं आहे. जून 2021 मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची भौगोलिक मानांकन असलेली केळी दुबईला गेली, वीस टनांहून अधिक. परदेशी खरेदीदाराला केळी गोड असून भागत नाही. कोणत्या बागेत कोणतं औषध कोणत्या तारखेला मारलं, त्याची नोंद त्याला लागते. आपल्या शेतकऱ्यांनी ती ठेवून दाखवली. सराफ बाजारातही हेच झालं. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्क केलेला दागिना सहा अक्षरी एचयूआयडी क्रमांकाशिवाय विकता येत नाही. भिंगाखाली दिसणारी ती सहा अक्षरं ग्राहक मोबाइलवर टाकतो आणि शुद्धता पाहतो. सुरुवातीला काही सराफ नाराज होते. आमच्या नावावर लोक तीन पिढ्या सोनं घेतात, आता हा क्रमांक कशाला? मला वाटतं, त्या क्रमांकामुळे नाव कमी झालं नाही. ज्या ग्राहकाला पेढी माहीत नाही, त्यालाही आता तिथं विश्वासानं सोनं घेता येतं.

पैसे देण्याबाबतही तसंच. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसला तर 15 दिवसांत द्यायचं, हा नियम 2006 पासूनचा. आर्थिक वर्ष 2023-24 पासून आयकरातल्या कलम 43बी(एच)मुळे त्याला दात आले: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. दिवाळी ते दिवाळी उधारी चालणाऱ्या बाजारात याचा बराच त्रास झाला. पण उधारीवर माल देऊन स्वतः सावकाराकडे जाणारा छोटा कारखानदार कोण, हे आपण सगळे ओळखतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिताही लागू झाल्या आहेत, त्यांचं प्रकरण पुस्तकात स्वतंत्र आहे.

यावर उद्योजकांचा एक आक्षेप मी वर्षानुवर्षं ऐकतो, आणि तो मला उडवून लावता येत नाही. ते म्हणतात, आम्ही नियम पाळायला तयार आहोत, पण दाखला मिळवायला टेबलाखालून द्यावं लागतं, आणि ज्याचं काही पाळलेलं नसतं तोही तेवढंच देऊन सुटतो. मग प्रामाणिक राहून आम्हाला काय मिळालं? हा राग खरा आहे. नियम जास्त, खाती वेगवेगळी, तपासणी करणारा माणूस वर्षाकाठी बदलणारा. सरकारनं हे सोपं करायलाच हवं, आणि तशी मागणी उद्योजकांच्या संघटनांनी लावून धरली पाहिजे. मात्र 2018 मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा बदलला, हे ध्यानात ठेवावं. लाच देणाराही आता गुन्हेगार आहे. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवण्याची सवलत आहे. कंपनीसाठी दुसऱ्या कुणी दिली, अगदी एजंटानं दिली, तरी कंपनी जबाबदार ठरू शकते. 'एजंट बघून घेईल' हे वाक्य आपल्या औद्योगिक वसाहतींत रोज बोललं जातं. ते आता सुरक्षित राहिलेलं नाही. आणि ते योग्य तर कधीच नव्हतं.

नेतृत्वावर पुस्तकात एकच प्रकरण आहे, तेही लहान. मालकानं भाषणं द्यावीत असं मला वाटत नाही. त्यानं दोन गोष्टी कराव्यात. वाईट बातमी आणणाऱ्यावर चिडू नये, आणि ती बातमी बँकेला, भागीदाराला, ठेवीदाराला किंवा कामगारांना सांगायची असेल तर ती इतर कुणाकडून कळायच्या आत स्वतः सांगावी. नवी पिढी आता पेढ्यांवर बसते आहे; विद्यापीठातून, पुण्या-मुंबईतून शिकून परतलेली मुलं-मुली आहेत. वडिलांच्या काळातल्या वह्या त्यांच्यापुढे येतील तेव्हा त्यांत काही लपवलेलं सापडेलही. तेव्हा वडिलांचा मान राखून तेच पुढे चालवायचं की थांबवायचं, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न असेल. मी त्यांना सांगेन, थांबवा. वडिलांनाही आतून तेच हवं असतं, असं मी अनेक घरांत पाहिलं.

वाचकाला एक विनंती आहे. हे पुस्तक मालकानं एकट्यानं वाचून कपाटात ठेवू नये. आधी ते हिशेब लिहिणाऱ्याला द्या, मग शेडमधल्या फोरमनला, मग निवडणीवर काम करणाऱ्या बायकांतल्या ज्या वाचू शकतात त्यांना. वाचून झाल्यावर प्रत्येकाला एवढंच विचारा, की आपल्याकडे अशी कोणती गोष्ट आहे जी मला अजून कुणी सांगितलेली नाही. ते जे सांगतील ते शेवटपर्यंत ऐकून घ्या आणि त्याच आठवड्यात त्यातलं एक तरी काम मार्गी लावा.